रुग्णाचा रोजमेळ



संत्र्याच्या हंगामात मोर्शी-वरूड भागात जाणे होतेच. यंदा परतताना वाट थोडी वाकडी करून रिद्धपूरला थांबलो. महानुभावांचे हे मोठे तीर्थक्षेत्र, गोविंदप्रभूंचे गाव. गावकरी त्यांनाच माय आणि त्यांनाच बाप मानीत. चक्रधरस्वामींच्या वियोगानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य येथे येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. याच परिवारातील म्हाइंभटांनी तेराव्या शतकात स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठले, त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. स्वामी कोठे उतरले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, हे त्या ग्रंथात बारकाव्यांसह येते. मराठी गद्याचा पाया घातला गेला तो असा, जवळ राहून पाहिलेल्या गोष्टी नोंदवून ठेवण्यातून.

त्या गावात उभा असताना मला आठवली ती मात्र अमरावतीच्या रुग्णालयातील एक परिचारिका.

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात आमच्या बाबूजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा अडखळू लागली. मधुमेह जुनाच होता. घरातील सर्वजण सेवेस तत्पर. कोणी पाय चेपावे, कोणी मुगाचे पाणी पाजावे. निजलेल्या स्थितीतच आम्ही ते पाजत होतो. बाबूजींना ठसका लागला तेव्हा परिचारिकेने हातातली वाटी काढून घेतली. झटक्यानंतर गिळण्याची शक्ती मंदावते, पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसांना संसर्ग होऊ शकतो, म्हणून आधी गिळणे तपासावे, रुग्णाला ताठ बसवावे आणि मगच लहान घास द्यावा, हे तिने समजावले. आमच्या सेवेत माया होती, पण तिला ज्ञानाची जोड नव्हती.

पुढे गिळणे सुधारले. तेव्हा ती बाबूजींना भरवण्याऐवजी डाव्या हातात चमचा देऊ लागली. “काकाजी, चमचा तुमीच धरा. मी आहो ना अठी.” अर्धे अन्न अंगावर सांडे. आम्हांला ती कठोर वाटली. आईने तर बोलूनही दाखवले.

मग ती संध्याकाळ आली. आठ वाजता जेवणापूर्वीचे इन्सुलिन द्यायचे होते. सुई तयार करताना तिचे लक्ष कोपऱ्यातल्या धुऊन ठेवलेल्या डब्याकडे गेले. “काकाजी राती काई घेत नाई काय जी?” आम्ही अभिमानाने सांगितले, “चौविहार आहे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही.” तिने सुई बाजूला ठेवली. इन्सुलिन घेऊन अन्न पोटात गेले नाही तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, ग्लानी, आणि वेळीच कळले नाही तर बेशुद्धी. ज्याची वाचाच अडखळते, तो झोपेत कोणाला हाक मारणार? तिने साखर तपासली, डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि वेळेसह नोंद केली: सायंकाळी साडेपाचनंतर अन्नपाणी घेत नाहीत. डॉक्टरांनी वेळ बदलली आणि मात्राही नव्याने ठरवली.

चूक आमची होती. सकाळी डॉक्टरांनी “जेवण वेळेवर होते ना?” असे विचारले तेव्हा मीच “हो” म्हणालो होतो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. पुरा प्रश्न परिचारिकेने विचारला, तोही आमच्या बोलीत.

त्यानंतर तिच्या हातातील तक्त्याकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. एका बाजूला पोटात गेलेले पाणी, दूध, सलाईन, तर दुसऱ्या बाजूला लघवी आणि उलटी. दिवसअखेर दोहोंचा मेळ. हा तर आपला जमा-नावेचाच हिशेब! पेढीवरील प्रत्येक मुलाला आपण शिकवतो की व्यवहार झाला की लगेच रोजमेळात मांड, रात्री आठवून लिहू नकोस. रुग्णाच्या खाटेशी हाच नियम आहे. फरक इतकाच की पेढीवर चुकलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सापडते.

हे शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली, तेव्हापासून निरीक्षण हा या विद्येचा पाया मानला गेला. आज आपल्याकडे दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे अभ्यासक्रम आहेत. त्यांत शुश्रूषेच्या पाच पायऱ्या शिकवतात: रुग्णाची पूर्ण माहिती घेणे, त्याची गरज ओळखणे, योजना करणे, ती अमलात आणणे आणि परिणाम तपासणे. डोरोथिया ओरेम यांचा सिद्धांत सांगतो की रुग्ण स्वतःसाठी जे करू शकतो ते त्याच्याकडून काढून घेऊ नये, उणे पडेल तेवढेच भरून काढावे. बाबूजींच्या हातातील चमच्याचा अर्थ मला तेथे सापडला. मॅडलिन लायनिंगर यांनी रुग्णाचा आचार आणि आहार जाणून घेणे हा शुश्रूषेचाच भाग ठरवला. आमच्या चौविहाराची चौकशी ही त्याच शिक्षणातून आलेली होती.

तरीही या व्यवसायाकडे आपण कसे पाहतो? परक्याच्या देहाला स्पर्श करावा लागतो, रात्रपाळी असते, म्हणून तो हलका मानला गेला. ही अढी जुनी आहे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्याची वाट खुली केली, तेव्हाही समाजाने नाक मुरडलेच होते. आणि ज्यांच्या तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप सांगितले आहे, सेवेस पात्र अशा दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूही गणला आहे, त्या आपण तरी ती अढी कोठे सोडली?

मीही सोडली नव्हती. बाबूजी घरी आल्यावर, त्याच उन्हाळ्यात, माझी पुतणी म्हणाली, “काका, मला बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरायचा आहे.” माझ्या तोंडून चटकन निघाले, “फार्मसी कर, नर्सिंग कशाला?” ती काही बोलली नाही. बाबूजी डाव्या हाताने वरण-भात खात होते. त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, “तिला… जाऊ… दे.” सध्या ती वसतिगृहात राहून शिकते आहे.

आपला समाज दानात मागे नाही. रुग्णालयांतील कित्येक खोल्यांवर आपल्या आजोबा-आजींची नावे कोरलेली आहेत. त्या खोल्या हव्यातच. पण खोली स्वतः रुग्णाकडे पाहत नाही. पुढील दानपत्र करताना एखाद्या होतकरू मुलीच्या नर्सिंग शिक्षणाचा खर्चही त्यात धरावा. रुग्णालयात गेल्यावर परिचारिकेला नावाने, आदराने संबोधावे आणि उपवास, पच्चक्खाण, घरगुती औषधे यांतील काहीही तिच्यापासून लपवू नये.

आणखी एक. या विद्येची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि रुग्ण मात्र वऱ्हाडीत कण्हतो. २०२४ पासून रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जवळून पाहिलेले मराठीत लिहून ठेवण्याची परंपरा जेथे रुजली, तेथून कधीतरी शुश्रूषाशास्त्राचेही चांगले मराठी ग्रंथ निघावेत, अशी इच्छा त्या दिवशी मनात आली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला अवकाश होता. बाबूजी जेवायला बसले होते. चमचा त्यांच्याच हातात होता.