आधी ओळख, मग औषध

अंगणातल्या गुलाबाची पानं कडेने गोल गोल कापलेली दिसली आणि मी ठरवूनच टाकलं, अळी पडली! कृषी सेवा केंद्रातून औषध आणलं, फवारलं आणि मोकळी झाले.

आठ दिवसांनी कूलरचा जुना पाइप साफ करताना आतून विडीसारखी गुंडाळी निघाली. गुलाबाच्याच पानांची! उलगडली, तर आत परागाचा पिवळा गोळा आणि त्यावर मेलेली इवलीशी अळी. माझ्या औषधाने मेली की उलगडण्याने, कोण जाणे.

ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना ती दाखवली. ते म्हणाले, "ताई, ही कीड नाही. ही पानं कापणारी माशी, मधमाशीचीच चुलत बहीण. ती पानं खात नाही, पिल्लांसाठी खोली बांधते."

मी कला शाखेची पदवीधर. मला आग्या, सातेरी, फुलोरी एवढंच ठाऊक. पण जगात या कुळातल्या २०,००० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. मादी एकटीच जमिनीत बीळ करते किंवा लाकडात, भिंतीत भोक शोधते. परागाची शिदोरी ठेवते, अंडं घालते, दार बंद करते. पिल्लू बाहेर येईपर्यंत बहुधा ती हयातही नसते. राखायला मोहोळ नसल्याने ती सहसा डंखही मारत नाही.

मग मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तुळशीपाशी बसू लागले. पहिल्या आठवड्यात सगळा गोंधळच. मातीचं घर करणाऱ्या कुंभारणीलाही मी मधमाशी ठरवलं! हळूहळू खुणा कळल्या. साध्या माशीला दोन पंख, मिशा आखूड. मधमाशीच्या कुळात चार पंख, मिशा लांब. गांधीलमाशी बारीक कमरेची, गुळगुळीत, मधमाशी केसाळ. मोहोळातली माशी पराग मागच्या पायांवर नेते, पानं कापणारी पोटाखाली, म्हणून तिचं पोट पिवळं माखलेलं दिसतं. काळ्या पोटावर निळे पट्टे असलेली माशीही तुळशीवर येते. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला धरून ती अशी थरथरते, की आतले पराग झडतात. मोहोळातल्या माशीला हे जमत नाही. आणि वासा पोखरणारा काळा भुंगाही याच कुळातला! नेमकी जात ओळखणं मला अजून जमत नाही, पण कुळ कळतं.

आपलं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात फुलाफुलाला हाताने पराग लावतात ते बहुतेक बायकांचेच हात. तुरीच्या संकरित बियाण्यात मात्र हेच काम माश्या करतात, त्यात या एकट्या राहणाऱ्याही आल्या. आणि आपण दिसेल त्यावर फवारत सुटतो!

बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तेव्हा एकटीने दोन मुलं वाढवणारी एक बाई म्हणाली, "म्हणजी ताई, मोहोळ नसलं की कोणी मोजीतच नाही म्हणा की!" सगळ्या हसल्या. मी मात्र वरमले. हिच्याबद्दल गावात जे बोललं जायचं, ते मीही चौकशी न करता खरं मानलं होतं. हिच्या घरी पहिल्यांदा गेले ती त्यानंतर दोन वर्षांनी.

मैत्रिणींनो, फार काही करायचं नाही. अंगणाचा एक कोपरा फरशीविना राहू द्या. बोटाएवढ्या जाडीच्या, एका टोकाला बंद असलेल्या बांबूच्या नळ्या पावसापासून आडोशाला बांधा. तूर फुलोऱ्यात असताना फवारणी टळत नसेल, तर घरच्यांना सांगा, माश्या परतल्यावर संध्याकाळी करा. आणि औषधाची बाटली उघडण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा.

माझ्या गुलाबाची पानं यंदाही कापलेली आहेत. भिंतीवरच्या बांबूच्या तीन नळ्या पानांनी बंद झाल्यात. पंप माळ्यावर ठेवून दिलाय.