तरुणांची नास्तिकता आणि बुद्धाचा धम्म

हल्लीची मुले देव मानीत नाहीत, अशी तक्रार मारेगावासारख्या तालुक्याच्या गावीही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते, आणि तिचे खापर पुष्कळदा बौद्ध धम्माच्या माथी फुटते. आमच्या मते हे अर्धेच सत्य होय. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आणि दोन दिवसांनी आमच्या शेजारच्या चांद्यास धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतील आरंभीच्या प्रतिज्ञा देवदेवतांस नाकारणाऱ्या आहेत, हे खरे. परंतु चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, याही प्रतिज्ञा त्यांतच आहेत. आमचा तरुण पहिला भाग आनंदाने घेतो. दुसऱ्याचे नाव काढताच त्यास घरचे काम आठवते!

नाना गुरूंच्या परस्परविरोधी उपदेशांनी गोंधळलेल्या कालामांस बुद्धाने सांगितले की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो एवढ्यावरून काही मानू नका. जे अहितकर असे तुम्हांसच कळेल ते टाका, हितकर ते आचरा. केवळ टाकणारा नास्तिक होईल, बौद्ध नव्हे. आणि बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारा तरी बौद्ध कसा?

वडिलांसही आमचे सांगणे आहे. मुलाने देवाविषयी प्रश्न केला तर त्यास दटावू नये. जवळ बसवून घ्यावे. मग तोच मुलगा दुकानातील कापसाच्या काट्याविषयी विचारू लागला, तर तेव्हाही त्यास गप्प करू नये.