सागरी मार्गावरच्या गाड्या आणि आपला मोहोर



डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालात तर गाडीला गाडी लागलेली दिसेल. काजळी नदीची खाडी मागे पडते, रस्ता सड्यावर चढतो आणि पुढे पूर्णगडला मुचकुंदीची खाडी आडवी येते. वर जांभ्याचा कडा, खाली पाणी आणि मधल्या उतारावर हापूसच्या बागा. लोक उगाच नाही येत. रस्ता देखणाच आहे.

पण हाच आठवडा आपल्या मोहोराचाही असतो, हे गाडीतल्या माणसाला कोण सांगणार?

फोटो काढायला गाडी साइडपट्टीवर उतरते. ती पट्टी कच्ची, लाल मातीची. दिवसभर गाड्या उतरत-चढत राहिल्या की रस्त्याकडच्या पहिल्या दोन ओळींची पानं तांबडी दिसायला लागतात. त्यात तुडतुडा लागलेला असेल तर चिकट्यावर ही धूळ अशी बसते की झटकून जात नाही. बरं, धुवायची म्हणून पाण्याचा फवारा मारावा, तर उमललेल्या फुलातला पराग जातो आणि ओलाव्याने भुरी-करप्याला आमंत्रण. माशा आणि मधमाशा तर धुळीत फिरकायलाच कंटाळतात. माझ्या बागेत रस्त्याकडची फळधारणा आतल्या ओळींपेक्षा कमी दिसते. सगळा दोष धुळीचा असं मी म्हणणार नाही, कडेच्या झाडांना वाराही जास्त लागतो. पण कृषी विद्यापीठाच्या मंडळींनी दोन-तीन हंगाम मोजमाप करण्यासारखा हा विषय नक्की आहे.

यावर काही जण म्हणतात, पर्यटकच नकोत. मला ते पटत नाही. वाशीला पेटी पाठवून पट्टीची वाट बघत बसायचं, आणि दारात गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला हाकलायचं? हा कुठला हिशोब? मागच्या मे महिन्यात एक पुण्याचं कुटुंब बागेत आलं. "काका, पिकलेला नाही का?" म्हणाले. मी त्यांना झेल्याने काढलेला चौदा आणे तयार आंबा दिला, पेटीवर काढणीची तारीख लिहिली आणि पेंढ्यात आठ-दहा दिवस ठेवा म्हणून सांगितलं. साका बाहेरून दिसत नाही, निघाला तर फोटो पाठवा, हेही सांगितलं. नंतर त्यांच्याच सोसायटीतून आणखी पेट्यांची मागणी आली. दलाली नाही, हमाली नाही.

मात्र एक गोष्ट खटकते, ती आपल्याच लोकांची. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आणि त्याच जिल्ह्यातल्या रस्त्यावर टेबल मांडून परराज्यातला आंबा आपल्या नावाच्या खोक्यात विकला जातो! विका की, पण त्याच्या नावाने विका. फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुमच्याही दाराशी थांबत नाही आणि माझ्याही.

आता सड्याबद्दल. 'सी व्ह्यू प्लॉट'चे बोर्ड जागोजाग लागलेत. सडा म्हणजे पडीक कातळ, असं शहरातल्या माणसाला वाटतं, आणि विकताना आपणही तसंच बोलतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातलं जे पाणी सड्याच्या भेगांतून आणि खळग्यांतून मुरतं, तेच खाली झऱ्याला येतं. त्याच्यावर पायथ्याची पोफळी आणि वाडीची विहीर उभी आहे. वर काँक्रीट ओतलं की एप्रिलमध्ये टँकर मागायचा. शिवाय कशेळीसारख्या गावांच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, ती जेसीबीला काय कळणार!

मला सुचतं ते असं. सड्यावर चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणी किती तरी आहेत. सपाट, रस्त्यालगत, पीक नसलेल्या. ग्रामपंचायतीने मालकाशी बोलून त्यातल्या सुरक्षित, उथळ खाणी गाड्या थांबवायला घ्याव्यात. माफक पैसे घ्या, कचऱ्याचा डबा ठेवा, आणि हंगामात गावातल्या बागायतदारांना तिथे आंबा, काजूगर, कोकम विकू द्या. वळणावरच्या साइडपट्टीवर खडी-डांबर टाकून घेण्यासाठी ग्रामसभेत ठराव करा. तोवर आपापल्या कुंपणाला करवंद आणि त्यामागे उंडीची दाट ओळ लावायला हरकत नाही. उंडी वाढायला वेळ घेते, पण खारा वारा सोसते.

आमच्या वाडीत अशी एक खाण बघून ठेवली आहे, मालक तयार आहे. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडतोय. तुमच्याकडे कोणी असं आधीच केलं असेल तर पावती, जागेचं भाडं, कचऱ्याची सोय कशी बसवली ते खाली सविस्तर लिहा.