गळकी जीप आणि पाण्याची वाट



हिंडलग्याहून वेंगुर्ले रस्त्याने पश्चिमेकडे निघाले म्हणजे दर दहा मैलांवर पावसाचे रूप पालटत जाते. बेळगावात वर्षाकाठी १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. शिनोळी, चंदगड मागे टाकून आंबोलीच्या घाटमाथ्यावर जावे, तो तेथे हाच आकडा ७००० मिलिमीटरच्या घरात पोहोचतो. अशा मुलखात राहणाऱ्याला छप्पर म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. पण घराचे छप्पर मृगापूर्वी शाकारणारी आपली माणसे गाडीच्या छपराकडे मात्र पहिली धार अंगावर आल्यावरच पाहतात.

यंदा आमच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. आजोबांनी घेतलेली जुनी जीप त्याच्या घरी आहे. वरती कापडी हूड आहे व ते काढता येते. पावसात पुढच्या काचेखालून पाणी झिरपून चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर पडते आणि मागे बसलेल्या आईला मांडीवर प्लास्टिक घेऊन बसावे लागते. तीन पावसाळे त्याने ट्यूबमधील मलम आणून फटी बुजविल्या, तरी गळती कायम आहे. आता काका म्हणतात की, हे लोखंड भंगारात घालावे. काय करावे, असा त्याचा प्रश्न आहे. अशा जीपगाड्या आपल्या भागात आजही काही घरांत जपून ठेवलेल्या असल्यामुळे उत्तर सर्वांसाठीच देतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही गाडी पाऊस अडविण्यासाठी निर्माण झालेलीच नव्हती. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, कोठेही जाणारी गाडी हवी होती. त्यातून जीपचा जन्म झाला. महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. गाडी शत्रूच्या नजरेस पडू नये व जहाजात थोड्या जागेत मावावी, म्हणून तिची पुढची काच चौकटीसह बॉनेटवर आडवी पाडता येत असे, आणि छप्पर म्हणजे कमानींवर ताणलेले कॅनव्हास एवढेच. तळाच्या पत्र्याला तर आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी बूच बसविलेली भोके होती. म्हणजे पाणी येणारच, ते लवकर बाहेर जावे, असा करणाऱ्यांचा हिशेब होता. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत या गाडीची जुळणी सुरू केली, आणि १९५३ साली निघालेला सीजे-थ्री-बी हा नमुना पुढे आपल्या देशात दीर्घकाळ तयार होत राहिला. त्यातही घडीची काच आणि काढते छप्पर ही दोन लक्षणे राहिलीच. ज्या गाडीचे दोन भाग हलण्यासाठी केलेले आहेत, ते मलमाने चिकटवून कायमचे बंद होतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग करावे काय? आपले कौलारू घर पाहावे. कौलांच्या मधील फटी कोणी सिमेंटने भरत नाही. वळचणीपासून आढ्याकडे कौले लावीत जातात आणि वरचे कौल खालच्यावर चढते. एवढ्यानेच पाणी आपल्या वाटेने जाते. गाडीलाही हाच नियम लागू आहे. पाण्याला अडविण्याआधी त्याची वाट ओळखावी, ती बाहेरच्या बाजूस वळवावी, आणि जेथे वळविता येत नाही तेथेच रबर व मलम वापरावे.

वाट ओळखणे हेच कामातील सर्वांत कठीण अंग होय. पाणी जेथे टपकते, तेथेच ते शिरलेले असते असे नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आत आलेला थेंब चौकटीच्या पोकळीतून खाली उतरतो, डॅशबोर्डमागच्या तारांवरून घरंगळतो आणि गुडघ्यावर पडतो. आपण गुडघ्यावरची फट बुजवितो आणि दोष वर तसाच राहतो. आमच्या पत्रलेखकाचे तीन पावसाळे बहुधा असेच गेले असावेत.

यासाठी कोरड्या दिवशी दोघांनी मिळून परीक्षा करावी. खालच्या चटया काढून सर्व पत्रा पुसावा आणि सांध्यांखाली आतून वर्तमानपत्राचे कागद अंथरावे. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने रबरी नळीने बाहेरून मंद धार सोडावी. धार खालून वर न्यावी, हे महत्त्वाचे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सर्वच सांधे भिजतात आणि दोष कोणाचा ते कळत नाही. एकेका सांध्यावर तीन-चार मिनिटे थांबावे. पाणी दिसताच खडूने खूण करावी आणि मगच पुढे जावे. पंपाची जोरदार धार मारू नये. ती धडधाकट सांध्यातूनही पाणी आत घालते. काही गळती उभ्या गाडीत दिसतच नाही. गाडी धावू लागली म्हणजे वारा काचेच्या पायथ्याशी कोंडतो आणि पाण्याला फटीतून वर ढकलतो. म्हणून शेवटची परीक्षा पावसात, सोबत माणूस घेऊन, चालत्या गाडीत करावी.

पुढच्या काचेभोवती पाणी शिरण्याच्या जागा मुख्यत्वे चार असतात. पहिली काच व रबर यांमध्ये. दुसरी रबर व चौकट यांमध्ये. तिसरी चौकटीचा पाय आणि बॉनेटमागचा पत्रा यांमध्ये, जेथे आडवी रबरी पट्टी असते. आणि चौथी वायपरचा दांडा चौकटीतून बाहेर येतो तेथे. चौथीकडे कोणी पाहत नाही. तेथील रबरी वायसर थोड्या पैशांत बदलून मिळतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मी गळती थांबते. तिसऱ्या जागी रबर नवे असूनही पाणी आले, तर चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या व बिजागऱ्या पाहाव्या. त्या ढिल्या असल्या तर पट्टी दाबलीच जात नाही. पट्टीखाली कागदाचा कपटा ठेवून चौकट आवळावी. कपटा सहज ओढून निघाला तर तेथे दाब नाही असे समजावे.

रबर ऊन व हवेने कडक होते, त्याला तडे जातात आणि एकदा चपटे झालेले रबर पुन्हा फुगत नाही. त्याला मऊ करण्यासाठी एंजिनचे तेल किंवा ग्रीस चोळू नये. तेलाने रबर फुगून सैल होते व लवकर सडते. ते बदलणेच शहाणपणाचे. नवे घेताना जुन्याचा तुकडा दुकानी घेऊन जावा आणि आकार जुळवून घ्यावा. ज्या गाड्यांत काच ओठाच्या रबरात धरलेली असते, तेथे मेस्त्री रबराच्या खाचेत बारीक दोरी फिरवून ठेवतात, साबणाचे पाणी लावतात, काच बाहेरून बसवितात आणि आतून दोरी ओढीत जातात. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. काचेच्या कडेवर हातोडीचा घाव कधीही पडू देऊ नये.

काच निघाल्यावर मात्र खरी गोष्ट दृष्टीस पडते. जुन्या मलमाखाली चौकटीचा पत्रा गंजून भुसभुशीत झालेला असतो. गंजावर बसविलेले नवे रबर पाणी धरीत नाही, कारण त्याला टेकावयास सपाट जागाच नसते. गंज खरवडून काढावा, खाल्लेला भाग कापून नवा पत्रा जोडावा, रेड ऑक्साइड व रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा आणि मग रबर बसवावे. मलम लावावयाचेच तर काचेसाठी मिळणारे, कधी कडक न होणारे लावावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लोखंडाला गंजविते आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही.

आता छपराकडे वळू. सुती कॅनव्हासचा धागा भिजला म्हणजे फुगतो आणि विणीतील छिद्रे मिटतात. म्हणून नवे हूड पहिल्या पावसात थोडे पाझरले तरी घाबरू नये. एकदोनदा भिजवून ताणलेल्या स्थितीतच वाळवावे. ओल्या कापडाला आतून डोके किंवा सामान टेकू देऊ नये, टेकले तेथूनच पाणी उतरते. कपडे धुण्याच्या पावडरीने हूड धुऊ नये, कारण तिने पाणी परतविणारा लेप निघून जातो. साधे पाणी व नरम ब्रश पुरे. शिवणीतील सुईची भोके हीच बहुधा गळतीची जागा असते. त्यांवर आतून-बाहेरून मेण चोळावे किंवा तयार लेप लावावा. पेट्रोलमध्ये मेण विरघळवून घरी लेप करण्याचा उद्योग कोणीही करू नये. चुलीच्या घरात ते आगीला आमंत्रण आहे. दोन कमानींमध्ये कापड झोळीसारखे लोंबत असेल तर तेथे पाणी साचणारच. पट्टे आवळून उतार करावा. हूडची पुढची कड चौकटीच्या वरून बाहेरच्या बाजूस यावी, आत दुमडलेली राहू नये. येथेही कौलाचाच नियम.

काहींनी कापडाऐवजी पत्र्याचा काढता टप करून घेतला आहे. तेथे नटबोल्ट एका बाजूने घट्ट आवळीत न जाता आळीपाळीने थोडे थोडे आवळावे, म्हणजे खालचे रबर सर्वत्र सारखे दबते. वरून आरपार आलेल्या प्रत्येक बोल्टाखाली, गोठ्याच्या पत्र्याला लावतो तसा, रबरी वायसर असलाच पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भिजलेल्या गुडघ्याचे दुःख फारसे नाही. पण डॅशबोर्डमागे उतरलेले पाणी तारांचे सांधे गंजविते, आणि आंबोलीच्या घाटात रात्री, धुक्यात, दिवे व वायपर एकाएकी बंद पडले तर गाडीतील जिवांचे काय होईल? चटईखाली साठलेले पाणी तळ खाते, आणि त्याच तळावर आपली मुले पाय ठेवून बसतात. म्हणून बुचे काढून तळाची भोके मोकळी आहेत ना, हे पाहावे आणि चटया वाळवूनच घालाव्या.

भंगाराविषयीचा निर्णय छपरावरून करू नये. गाडीखाली वाकून करावा. सांगाडा व त्याचे जोड बोथट हत्याराने ठोकून पाहावे. लोखंड खणखणीत वाजले तर गळतीसाठी गाडी मोडणे म्हणजे चार कौले फुटली म्हणून घर पाडण्यासारखे आहे. सांगाडाच पोखरला असेल, तर तिच्यात माणसे बसवू नयेत. मग काकांचे म्हणणे खरे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. रोज बाजारहाट करणाऱ्या घराने हे आधी समजून घ्यावे.

हे सर्व काम मे महिन्याचे आहे. रंग वाळावयास ऊन लागते, रबर बसावयास कोरडा पत्रा लागतो, आणि मृग लागल्यावर मेस्त्रीलाही सवड नसते. वेळ थोडा उरला असेल तर निदान नळीची परीक्षा, वायपरचे वायसर आणि तळाची भोके एवढे तरी या रविवारी दुपारी उरकून घ्यावे. बाकीचे पुढच्या उन्हाळ्यात करता येईल. खडूच्या खुणांची नोंद मात्र वहीत करून ठेवावी.