आबांचा अर्ज

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असे आपण म्हणतो. मग एकेक जण हात जोडून पुढे होतो, ‘तुमचे अमुक करतो, तमुक करतो.’ मेलेल्याची इच्छा ओळखायला एवढा खटाटोप करणारे आपण, त्याने जिवंतपणी कागदावर लिहून दिलेली इच्छा मात्र मानायला तयार नसतो! वाचकहो, हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरात चालले आहे.

नवी पेठेत आमच्या दोन खोल्या. आबा गिरणीत होते; गिरणी बंद पडल्यावर इथल्याच एका कापडाच्या दुकानात त्यांनी गठ्ठे उचलले. गेल्या दिवाळीत त्यांनी देहदानाचा अर्ज आणला आणि माझ्याकडून वाचून घेतला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असले कागद माझ्याकडेच येतात. आजी रडू लागली. वडील म्हणाले, “लोक म्हणतील, म्हाताऱ्याला जाळायला लाकडं जमली नाहीत.”

वडिलांचा राग मला खोटा वाटत नाही. आपल्याकडे १९४९ चा शरीरशास्त्र कायदा आहे. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत, यासाठी तो झाला. आता बेवारस कोण मरतो? बंगल्यातला माणूस नक्कीच नव्हे. ज्यांना कोणी कधी काही विचारले नाही, त्यांना मेल्यावरही न विचारताच टेबलावर घेतले गेले, आणि त्यांच्यावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. गरिबाला त्या टेबलाची भीती वाटते ती उगाच नाही.

पण म्हणूनच मला आबांची सही मोठी वाटते. ती मागून घेतलेली नाही, त्यांनी आपणहून केली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख २०१० साली गेले, त्यांचा देह दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेला दिला गेला. त्याच वर्षी कोलकात्यात ज्योती बसूंचाही देह दिला गेला. (एक संघाचे, एक कम्युनिस्ट, या एका गोष्टीत दोघांचे जमले!) थोरांनी दिला तर त्याग, आणि आबांनी दिला तर गरिबी?

आपल्या सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलाने नस कुठून जाते हे मृतदेहावर पाहिले नाही, तर पुढे तो ती जिवंत माणसात शोधत बसेल. आधी नेत्रदान करूनही देह देता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

खरी अडचण पुढेच आहे. सही आबांची असली, तरी ते गेल्यावर महाविद्यालयाला कळवायचे घरच्यांनी, तेही काही तासांत. घरच्यांनी नाही म्हटले, की अर्ज रद्दीतच गेला. रडारडीच्या त्या वेळी आमच्यापैकी कोण फोन उचलणार?

आजीने परवा विचारले, “राखच नाही, तर चंद्रभागेत काय सोडायचं गं?” यावर मला उत्तर सुचले नाही. अर्ज पंचांगामागे खोचलेला आहे, आणि नातेवाइकाच्या सहीची जागा अजून कोरी आहे. मला एकोणीस पूर्ण झाली, माझी सही चालते. ती मी करणार आहे; पण वडिलांच्या पाठीमागे नाही, त्यांना समोर बसवून.