वादळ सरल्यावर शाळा कोणाची? – वनुआतू बेटांपुढील प्रश्न

मार्च २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई शहरात, आपत्तींची झळ कमी कशी करावी या विषयावर संयुक्त राष्ट्रसंघाची जागतिक परिषद भरली होती. प्रशांत महासागरातील वनुआतू या चिमुकल्या देशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बॉल्डविन लॉन्सडेल त्या परिषदेला गेले होते. ते स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होते. परिषदेच्या तोंडावरच, १३ मार्चच्या रात्री, ‘पाम’ नावाचे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ त्यांच्या देशावर कोसळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. ज्या संकटाची चर्चा करण्यासाठी जग एकत्र आले होते, तेच संकट पाहुण्याच्या दारात उभे राहिले. लॉन्सडेल यांनी जगाला मदतीची हाक दिली, ती सेंदाईहूनच.

वनुआतू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस विखुरलेली ऐंशीहून अधिक बेटे आणि २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे तीन लाख लोकसंख्या. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त अमलातून हा देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या सर्वांत मोठ्या बेटाला ‘एस्पिरितु सान्तो’, म्हणजे पवित्र आत्मा, असे नाव आहे; दुसऱ्या एका बेटाचे नावच ‘पेन्टेकॉस्ट’ आहे. बहुसंख्य जनता ख्रिस्ती असून कॅथलिक ख्रिस्तसभेसह विविध ख्रिस्ती पंथांच्या अनेक शाळा तेथे आहेत. भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामी आणि चक्रीवादळे ही चारही संकटे या भूमीच्या वाट्याला आली आहेत. वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि शाळांचे नवे वर्ष याच मोसमाच्या ऐन मध्यावर सुरू होते.

‘पाम’ने घरे, शेते आणि फळझाडे भुईसपाट केली, तरीही मृतांची संख्या वीसच्या आत राहिली. यामागे पूर्वतयारी होती. रेडिओवरून आणि मोबाईल संदेशांतून इशारे वेळेवर पोहोचले. लोक शाळा, ख्रिस्तमंदिरे अशा भक्कम इमारतींत वेळीच गेले. तान्ना बेटावर गवताने शाकारलेल्या बुटक्या, पारंपरिक घरांनीही अनेकांना आसरा दिला. लहान बेटावर पक्क्या इमारती मोजक्याच असतात आणि त्यांतील एक बहुधा शाळेची असते. म्हणून गावाचा निवारा शाळेतच होणार, हे ठरलेलेच आहे.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. ज्या शाळेचे छप्पर उडाले, तेथे वर्ग भरत नाहीत. ज्या शाळेचे छप्पर टिकले, तेथे बेघर कुटुंबे राहतात. दोन्हीकडे मुले शाळेबाहेर पडतात. घर गमावलेल्या कुटुंबाला ‘वर्ग रिकामा करा’ असे कोण सांगणार? आणि न सांगावे, तर मुलांनी किती आठवडे वाट पाहावी? शाळेत जाणे म्हणजे केवळ पाठांतर नव्हे. सारे विस्कटलेले असताना ठरलेल्या वेळी वाजणारी घंटा मुलाला धीर देते. शाळा दीर्घकाळ बंद राहिली की कामाला जुंपलेली मुले आणि घरी अडकलेल्या मुली यांना परत वर्गात आणणे कठीण होते.

पुढील दशकाने हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. २०१७ मध्ये मनारो ज्वालामुखी जागृत झाल्याने अंबे बेटावरील सुमारे अकरा हजार रहिवाशांना बेट सोडावे लागले. २०१८ मध्ये पुन्हा तेच घडले. त्यांच्या मुलांना परक्या बेटांवरील शाळांत सामावून घ्यावे लागले. एप्रिल २०२० मध्ये ‘हॅरल्ड’ वादळ आले तेव्हा कोविडमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. बाहेरचे मदतनीस येऊ शकले नाहीत आणि मदतकार्याचा भार स्थानिक लोकांनीच उचलला. मार्च २०२३ मध्ये ‘ज्युडी’ आणि ‘केव्हिन’ ही दोन वादळे एकाच आठवड्यात येऊन गेली.

१७ डिसेंबर २०२४ च्या दुपारी राजधानी पोर्ट व्हिलाजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किमान १४ जण मृत्युमुखी पडले. डिसेंबर हा तेथे वार्षिक सुट्टीचा काळ. २०२५ चे शालेय वर्ष सुरू झाले, तेव्हा अनेक मुलांना तंबूत बसावे लागले. वादळ आगाऊ निरोप देते, भूकंप देत नाही. एका संकटासाठी केलेली तयारी दुसऱ्याला पुरतेच असे नाही.

मग तयारी म्हणजे काय? पहिली गोष्ट बांधकामाची. वादळात वारा छपराला वर खेचतो. पत्रे, वासे, भिंती आणि पाया हे लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना घट्ट जखडलेले असतील, तरच छप्पर टिकते. दुसरी गोष्ट सरावाची. भूकंपात मेजाखाली कसे शिरावे, त्सुनामीचा संशय येताच कोणत्या वाटेने उंचावर जावे, हे मुलांच्या अंगवळणी पडले पाहिजे. तिसरी गोष्ट पाणी आणि स्वच्छतागृहांची. पाचशे माणसांना आसरा देणाऱ्या शाळेत पन्नास मुलांपुरतीच सोय असेल, तर निवाऱ्यातून रोगराई उद्भवते. चौथी गोष्ट बहुधा राहून जाते, ती म्हणजे आधीच केलेला करार : कोणते वर्ग निवाऱ्यासाठी, कोणते शिकवण्यासाठी, कुटुंबांची पुढील सोय कोठे आणि किती दिवसांत. ही बोलणी वादळापूर्वी शांतपणे होऊ शकतात. वादळानंतर त्यांचे भांडण होते.

यासाठी पैसा लागतो आणि येथे न्यायाचा प्रश्न येतो. जागतिक तापमानवाढीत वनुआतूचा वाटा नगण्य आहे. २०१९ मध्ये वनुआतूतील दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे गाऱ्हाणे जागतिक न्यायासनापुढे न्यावे, असा आग्रह सुरू केला. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लावजा मतात हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. भारतानेही आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय आघाडी सुरू केली. तिच्यातर्फे लहान द्वीपराष्ट्रांसाठीचा उपक्रम २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर झाला. अशा उपक्रमांचे मोल गावातील शाळेच्या छपरावरूनच ठरेल.

ख्रिस्तसभेसाठी यात विशेष जबाबदारी आहे. ज्या बेटावर शासनाची नौका पोहोचण्यास दिवस लागतात, तेथे ख्रिस्तमंदिर आणि शाळा अगोदरच उभी असते. बेघराला आसरा देणे हे दयाकृत्य आहे. परंतु बालकाची शाळा त्याला परत मिळवून देणे, हेही त्याच दयेचे अंग आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आपल्या कोकण किनाऱ्याला तडाखा दिला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यालाही परका राहिलेला नाही. आपल्या धर्मग्रामातील शाळा संकटात किती माणसांना सामावून घेईल आणि तिची घंटा पुन्हा कितव्या दिवशी वाजेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पालक, शिक्षक आणि धर्मगुरू यांनी एकत्र बसून आजच लिहून ठेवावयास हवीत.