सुरांची हुंडी

व्यापारी घराण्यांत हुंडीचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. हुंडीच्या कागदात रोकड नसते. अमुक इसमास अमुक रक्कम द्यावी, एवढा आदेश असतो. त्या आदेशाची भाषा दोन्ही पेढ्यांना ठाऊक असली की गाव बदलले तरी व्यवहार अडत नाही. माळ्यावर पडून राहिलेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या संगणकाला जोडताना हेच तत्त्व कामी येते. म्हणून तो भंगारात काढण्यापूर्वी त्याची मागील बाजू पाहावी. तेथे पाच छिद्रांचे गोल सॉकेट व ‘मिडी’ ही अक्षरे आढळली, तर ते वाद्य अद्याप उपयोगाचे आहे.

मिडी ही वाद्यांनी परस्परांशी बोलण्याची ठरलेली रीत आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील ‘नॅम’ प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रोफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये तारेने जोडण्यात आली आणि ती एकमेकांशी बोलू लागली. ही रीत परवाना-शुल्काविना सर्व उत्पादकांना खुली ठेवण्यात आली. या कार्यासाठी डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्काराने गौरविण्यात आले.

मिडीच्या तारेतून नाद वाहत नाही, आदेश वाहतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तो सांगतो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असून मधल्या ‘सी’ स्वराचा क्रमांक ६० आहे. एका स्वराचा आदेश पोहोचण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो.

नव्या संगणकास गोल सॉकेट नसते. त्यासाठी यूएसबी-मिडी इंटरफेस घ्यावा. ‘क्लास कंप्लायंट’ प्रकारचा इंटरफेस वेगळे ड्रायव्हर न टाकता संगणक ओळखतो. जोडणी जमाखर्चाप्रमाणे करावी: एकाचे नावे ते दुसऱ्याचे जमा. कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये इंटरफेसचे ‘इन’ टोक जाते. काही तारांवर मात्र टोक कोणत्या सॉकेटात घालावे तेच छापलेले असते. म्हणून संदेश न पोहोचल्यास टोके अदलाबदल करून पाहावीत. मूळ अडॅप्टर हरवला असल्यास नवा घेताना व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू वाद्यावरील खुणेशी जुळवून घ्यावी. यात हयगय झाल्यास वाद्य कायमचे बिघडू शकते.

जोडणी होऊनही संगणकातून आवाज न आल्यास तार खराब ठरवण्याची घाई करू नये. हुंडी पोहोचली तरी ती वटवणारी पेढी हवी. संगणकात वाद्याचा आवाज देणारे सॉफ्टवेअर हवे आणि त्यात हा कीबोर्ड निवडलेला हवा. मॅकवर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. म्युझस्कोर हेही विनामूल्य असून त्यात पट्ट्या दाबून पाश्चात्य स्वरलेखन करता येते. प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू आल्यास कीबोर्डमधील ‘लोकल कंट्रोल’ बंद करावा. कीबोर्डला केवळ हेडफोनचे छिद्र असेल, तर त्यातून ध्वनिमुद्रण होईल. आदेश मात्र जाणार नाहीत.

या चाळीस वर्षांत फ्लॉपी गेली, संगणकांवरील गेम पोर्ट गेले. मिडीची भाषा टिकली. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० नेही जुन्या वाद्यांशी नाते तोडलेले नाही. घरातील मुलास संगीताची गोडी लागत असेल, तर नव्या वाद्याच्या खरेदीपूर्वी या जुन्या वाद्याच्या पट्ट्या एकेक दाबून पाहाव्यात. त्या सर्व नीट चालत असतील, तर खर्च केवळ एका तारेचा आहे. पुढे नवे वाद्य घेण्याची वेळ आलीच, तर ते एकाच कंपनीच्या उपकरणांशी बोलते की सर्वांशी, हा प्रश्न दुकानदारास किंमतीआधी विचारावा.